कावळ्याला कबूल केलेली साठ पानं

नाशिकला इंदिरानगरात राहणाऱ्या एका ३४ वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. आजी गेल्या आषाढात गेली. आई नोकरीला जायची म्हणून हिला वाढवलं ते आजीनेच. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना, पाऊण तास सगळे उभे. काकाने 'आम्ही भाऊ भांडणार नाही' म्हणून सांगून पाहिलं, आत्याने 'तुझी ट्रंक भंगारात देणार नाही' म्हणून सांगून पाहिलं, शेवटी हिचे बाबा हात जोडून म्हणाले 'आई, तुझ्यावर पुस्तक काढतो', आणि कावळा आला. आता वर्षश्राद्ध तीन महिन्यांवर आलंय, बाबा प्रिंटिंगवाल्याकडे जाऊन साठ पानांची स्मरणिका ठरवून आलेत आणि लिहायचं काम हिच्याकडे, कारण 'तू लिहितेस ना काहीतरी फेसबुकवर'. हिने दीड पान लिहिलं, 'आजी अतिशय प्रेमळ आणि कष्टाळू होती', आणि गाडी अडकली. माहिती काढायला गेली तर आजीचं माहेरचं नाव घरात कोणालाच सांगता येईना. सिन्नरची आत्या फोनवर सहज बोलून गेली की आजी कितीतरी वर्षं विड्या वळायची, 'तुझा बाप पण बसायचा की शेजारी'. बाबांना विचारलं तर 'ते घालायचं नाही'. आई म्हणाली 'माझ्याकडून काही नको, तुला वाटतं ते लिही', कारण दोन्ही मुलीच झाल्या म्हणून आजीने आईला काय काय ऐकवलंय ते हिने दाराआडून ऐकलेलं आहे. ट्रंकेत लुगड्यांखाली एक बोथट कात्री आणि पत्र्याचा चौकोनी तुकडा निघाला, तो कशाचा तेही कळेना. आणि फोनमध्ये आजीचं अकरा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे, त्याच्या शेवटी हिचाच आवाज, 'आज्जी नंतर सांग ना, मीटिंग आहे', ते हिने अजून एकदाही लावलेलं नाही. ती विचारते, 'खरं लिहिलं तर घरात भांडणं, खोटं लिहिलं तर आजीशी बेईमानी. मुळात मला आजी माहीत तरी होती का हेच आता कळेनासं झालंय, आणि जी माहीत होती ती पण रोज थोडी थोडी विसरतेय. काय करू?'

अगं, आधी कावळ्याचं बोलून घेऊ. कावळ्याने पानांचा आकडा मागितला नव्हता. बाबा 'पुस्तक काढतो' एवढंच म्हणाले, साठ पानं नंतर प्रिंटिंगवाल्याच्या दुकानात ठरली, तेव्हा तेवढं ओझं आत्ताच खाली ठेव. सोळा पानांचं पण पुस्तकच असतं (मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे बारा, सोळा, वीस, छपाईतलं माझं ज्ञान इथे संपलं). अशा स्मरणिका मी खूप पाहिल्यात, घरोघरी पाहिल्यात, रद्दीच्या गठ्ठ्यात पण पाहिल्यात. साठ पानं भरायची म्हटलं की मग नातवंडांचे वाढदिवसाचे फोटो येतात, कोणातरी पुढाऱ्याचा शोकसंदेश येतो, आरत्या येतात, आणि ती बाई पहिल्या पानावर स्टुडिओतल्या पडद्यापुढे पदर सावरून उभी असते ती तशीच उभी राहते, पुढच्या एकोणसाठ पानांत परत म्हणून दिसत नाही.

आता 'मला आजी माहीत होती का' याचं. जरा हिशोब कर. गेली तेव्हा ती ८८ ची धरू, तू ३३ ची. म्हणजे तू जन्मलीस तेव्हा ती पंचावन्नची होती, लग्न, बाळंतपणं, सासू, गाव बदलणं, मुलांची शिक्षणं, सगळं उरकून बसलेली. तुझ्या वाट्याला आली ती दुपारी चारला चहात खारी बुडवून तुझ्या तोंडात घालणारी. तेवढी तुला चांगली माहीत आहे, तिच्याबद्दल शंका घेऊ नकोस. पण आधीची पंचावन्न वर्षं तू बघितलीच नाहीस, तर ती माहीत नसल्याचं वाईट कसलं वाटून घ्यायचं, ती विचारून गोळा करायची. तू दीड पानावर अडकलीस ती पण त्यामुळेच असं मला वाटतं. 'प्रेमळ आणि कष्टाळू' हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीला बसतात, माझ्या आजीलाही बसतात आणि माझी आजी महाखाष्ट होती.

आणि विसरण्याचं म्हणशील तर माझी आजी १९८३ मध्ये गेली, पंचवटीतल्या वाड्यात, मी तेव्हा कॉलेजात होते. तिचा आवाज मला आज आठवत नाही, अगदी जीव तोडून आठवायला बसले तरी नाही. पण तव्यावर मिश्री भाजल्याचा वास कुठेही आला, हल्ली क्वचितच येतो, तरी मी जिथे असेन तिथे उभी राहते, आणि मग तिचं ते डाव्या हाताच्या तळव्यावर मिश्री घेऊन उजव्या बोटाने दात घासत वाड्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणं, सगळंच्या सगळं येतं. म्हणजे जातं काय आणि राहतं काय हे आपल्या हातात नसतं. तुझ्याकडे तर आवाज आहे. अकरा मिनिटं आहे. मला एक मिनिट मिळालं असतं तर मी काय दिलं नसतं.

त्या रेकॉर्डिंगचं आधी हे कर, ऐकायच्याही आधी. दोन ठिकाणी कॉपी करून ठेव, एक ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर, फोन हरवतात, बादलीत पडतात. घरच्यांना पाठवायचं तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, जुने फोटो पण तसेच पाठव, नुसते पाठवले की ते बारीक होऊन जातात. मग एखाद्या सुट्टीच्या सकाळी ऐक, एकटीने नको वाटलं तर बहिणीला घेऊन बस. तुला आत्ता त्यातली शेवटची पाच सेकंद तेवढी ऐकू येतायत, पण त्याच्या आधी दहा मिनिटं पंचावन्न सेकंद ती बोललीये आणि तू समोर बसून ऐकलंयस, त्याचं काय? आणि 'नंतर सांग' हे तिला काही नवीन नसणार गं. तू लहानपणी गोष्ट सांग म्हणून पदर ओढायचीस तेव्हा ती नसेल का म्हणाली 'आत्ता नको, तव्यावर भाकरी आहे'? घरात माणसं एकमेकांना असंच बोलतात. मीटिंग होती, होती.

ऐकताना कागदावर उतरव, जशी बोलली तशी. सिन्नरकडची बाई म्हणजे 'मपली', 'आलते', 'गेलते' असणारच त्यात, ते शुद्ध करू नकोस. बाबा म्हणतील 'हे गावठी कशाला', म्हणू देत. ती भाषा काढलीस तर हातात उरेल ते बातम्यांतलं मराठी, ते तर कोणाचंही असू शकतं. अकरा मिनिटं उतरवायला दोनेक तास जातील, जाऊ देत. तुझ्या सोळातली चार पानं तिथेच झाली आणि ती चारही आजीने स्वतः लिहिलेली.

(ज्यांच्या आज्या अजून आहेत त्यांच्यासाठी मध्येच सांगून टाकते, रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करा, मिक्सर बंद करा, फोन विमान मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा आणि तासाभराच्या वर बसवू नका, म्हाताऱ्या माणसाचा घसा सुकतो पण ती सांगत नाहीत. सुरुवातीला तारीख आणि कोण कोण बसलंय ते आपणच बोलून ठेवायचं. बाकी काही येत नसलं तरी चालतं.)

आता माहेरचं नाव. हे तू पत्रात एका ओळीत उरकलंयस पण मला पत्रातलं सगळ्यात मोठं तेच वाटलं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव काढायचं, बास, त्या ताटात सोळा-सतरा वर्षांची एक अख्खी मुलगी पुसली जाते आणि कोणाला काही वाटत पण नाही, उलट पेढे वाटतात. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला माझ्या वयाच्या ४१ व्या वर्षी कळलं, एका लग्नात तिच्या मामेबहिणीने, नव्वदीची असेल, गप्पांच्या ओघात त्या नावाने तिचा उल्लेख केला आणि मी विचारलं 'ही कोण?' ती म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. (नाव इथे लिहीत नाही, ते आमच्यापुरतं ठेवलंय.)

शोधायचं कसं? पहिलं म्हणजे तिच्या माहेरी कोण उरलंय ते बघ, भाऊ नसतील तर भाचे, चुलत घरं, आणि त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला भेट, पुरुषांना हे लक्षात नसतं. कागदाचं म्हणशील तर जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावोगावच्या कोतवाल बुकात असायच्या, गाव नमुना नंबर १४ म्हणतात, तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मागता येते. पण फार आशा ठेवून जाऊ नकोस, बऱ्याचदा तिथे बापाचं नाव असतं आणि पुढे नुसतं 'मुलगी', बारशाच्या आधीच नोंद व्हायची ना. शिवाय जुनं लिखाण मोडीत निघू शकतं, मग मोडी वाचणारा गाठावा लागतो. तरी जन्मतारीख मिळून गेली तर आधारवरच्या त्या १ जानेवारीतून तरी आजीची सुटका होईल. दुसरीपर्यंत जरी शाळेत गेली असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर बघ. आजोबा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झाले असं लिहिलंयस, मग त्यांची पेन्शनची फाईल उघड, बायकोचं नाव, जन्मसाल आणि दोघांचा जोडीने काढलेला फोटो त्यात असण्याची दाट शक्यता आहे. तुझ्या पिढीला वाटतं सगळं गुगलवर आहे, पण अशा गोष्टी कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत असतात.

आणि वर्षश्राद्धाला रामकुंडावर जाल तेव्हा तुमच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून पिढ्यान् पिढ्यांची नावं असतात हे तुला माहीत असेल, पण तिथे बसून आपलं पान कधी वाचलंयस का? आमच्या माहेरच्या पानावर पुरुषांची सहा पिढ्यांची नावं ओळीने आणि बायका कुठे कोपऱ्यात, एक तर नुसती 'मातोश्री' म्हणून. तेव्हा बाबांना सांग की पुस्तक निघेल तेव्हा निघेल, पण आजीची नोंद करताना तिचं सासरचं नाव, माहेरचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं घालून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. स्मरणिका रद्दीत जाईल एक दिवस, वही जाणार नाही, उद्या तुझ्या मुलीची मुलगी आली तर तिला तिथे सापडेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या ना, त्यात मला सगळ्यात आवडतं ते हे की ओवी कोणाची, कुठल्या गावची, ते नाव-गाव सोबत लिहिलेलं आहे. नाहीतर आपण 'लोकगीत' म्हणून मोकळे झालो असतो.

नाव मिळेल न मिळेल, माणसांकडे मात्र आत्ता जा. तीन महिन्यांतला पहिला महिना नुसता भेटण्यात घालव, लिहू नकोस. आणि 'आजीबद्दल सांगा ना' असं विचारू नकोस कोणाला, कारण त्याला एकच उत्तर येतं, 'फार चांगली होती हो'. हातात वस्तू घेऊन जा. ट्रंकेतलं लुगडं, अडकित्ता, फोटो, काहीही, समोर ठेव आणि गप्प बस. किंवा असं विचार की ती रागावली की काय करायची, भांडी आपटायची का अबोला धरायची? कोणाकडे उठबस होती? पैसे कुठे लपवायची? पैसे कुठे लपवायची या प्रश्नाने मी कितीतरी बंद तोंडं उघडलेली पाहिलीयेत.

तारखा कोणाला आठवत नाहीत, विचारू पण नकोस. विचार की महापूर आला तेव्हा तुम्ही सिन्नरला होतात की नाशकात? म्हणजे १९६९ च्या अलीकडे की पलीकडे ते कळलं. दुष्काळात मिलो, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाल्ली ती कुठल्या चुलीवरची? १९७२ झालं. धाकटा काका तेव्हा रांगत होता की चालत होता? अलीकडचं असेल तर सिंहस्थ धर, २००३ चा की २०१५ चा, नाशिकच्या माणसाला सिंहस्थ बरोब्बर आठवतो, पाहुणे किती आले आणि किती दिवस राहिले यासकट. असे चार-पाच खुंटे ठोकलेस की बाकीचं आयुष्य आपोआप त्यांच्यामध्ये वाळत घातल्यासारखं दिसायला लागतं.

आत्याकडे आता कुरडयांचे दिवस असतील. पाहुणी म्हणून जाऊ नकोस, चीक शिजवायच्या दिवशी भल्या पहाटे जा आणि हाताखाली काम कर. चीक घोटताना बाया जे बोलतात ते सोफ्यावर बसून कधीच बोलत नाहीत. फोन खिशात ठेव, पण चालू करायच्या आधी सांग तिला, चोरून नको. आणि आजीचं प्रमाण 'मूठभर' असेल तर आत्याला मूठ भरायला लाव आणि ती वजनकाट्यावर ओत, लिहून ठेव किती ग्रॅम. रेसिपी मात्र एकच छाप बाई, हल्ली आजी म्हटलं की लोकांना नुसता काळा मसाला आठवतो.

फोटोंचं पटकन सांगते. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन उमटतं. लॅमिनेशन करू नकोस. ते जुने चिकट पानांचे अल्बम असतात ना, वर प्लास्टिक, त्यातला फोटो निघत नसेल तर ओढू नकोस, तसाच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता मोबाईलने काढ. झालं.

आता आईचं. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. आईने 'माझ्याकडून काही नको' म्हटलंय तो तिचा मजकूर आहे, तो तसाच राहू दे. तिला 'आता त्या गेल्या, सोडून दे' म्हणू नकोस, आणि 'दोन ओळी चांगल्या लिही ना लोकांसाठी' असंही म्हणू नकोस. वीस-पंचवीस वर्षं ऐकून घेतलेलं आहे तिने. दुसरीकडे, ते सगळं सोळा पानांत छापून वर्षश्राद्धाला जेवायला आलेल्या दोनशे लोकांच्या हातात द्यायचं का? मला तरी तसं वाटत नाही, आणि आईलाही तसं नको असेल, तिचं दुःख तिच्या परवानगीशिवाय पंगतीत वाढायचं नसतं. पण मग निदान एक कर, 'सुनांवर लेकींप्रमाणे माया केली' हे वाक्य तुझ्या पुस्तकात येऊ देऊ नकोस. प्रत्येक स्मरणिकेत असतं ते, बाबा म्हणतील घाल, काका म्हणेल घाल, आणि आई पंगतीत वाढता वाढता कोणाच्या तरी हातात ते पान उघडं बघेल. नाहीच घालायचं. बाबांनी फारच धरलं तर सांग की आईला वाचून दाखवा आणि ती हो म्हणाली तर घालते.

तू विचारलंयस खरं की खोटं, मला वाटतं तुझी खरी अडचण ही आहे की तू एकटीने सगळ्यांच्या वतीने एक आजी लिहायला बसलीयेस. तशी एक नाहीच आहे. चार-पाच भाग कर, प्रत्येकावर सांगणाऱ्याचं नाव टाक. आत्याला आठवते ती, काकाला आठवते ती, शेजारच्या काकूंना आठवते ती, तुला आठवते ती. एकात ती हात सैल सोडणारी असेल, दुसऱ्यात एक एक रुपया मोजणारी असेल, असू दे, जुळवत बसू नकोस, १९६५ मधली बाई आणि १९९५ मधली बाई सारखी कशी असेल? आईचं पान नसेल तर नसेल, ते कोणाच्या लक्षात आलं तर आलं. आणि छापायचं नाही पण हरवायचंही नाही असं जे जे कळेल, दाराआडून ऐकलेलं धरून, त्याची एक साधी दोनशे पानी वही कर आणि ती तुझ्याकडे ठेव. तुलाही राग असेलच ना थोडा आजीचा? त्या दोन मुलींमधली एक तूच आहेस. ज्या तोंडाने आईला ऐकवलं त्याच तोंडाने तुला राजा-सोन्या म्हटलं, हे दोन्ही एका वहीत मावतं, एका भाषणात नाही मावत.

राहिल्या विड्या. तो पत्र्याचा तुकडा आणि कात्री, अगं तेच ते! विडीचं पान त्या मापावर ठेवून कापतात. रात्री पानं भिजवून ठेवायची, सकाळी त्या पत्र्याच्या मापाने एकसारखी कापायची, मग मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोऱ्याने बांधायची आणि तोंड मुडपायचं. घरकाम सांभाळून दिवसाला पाचशे-हजार विड्या करणाऱ्या बायका सिन्नर-संगमनेरकडे घरोघरी होत्या, मजुरी हजारावर मिळायची आणि तपासणाऱ्याने नापास करून बाजूला काढल्या त्यांचे पैसे नाहीत. कारखाने-एमआयडीसी नंतरचं, त्याच्या आधी सिन्नर म्हटलं की विडीच. ट्रंक अजून नीट बघ, विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, त्यानंतरचं कुठलं कार्ड नाहीतर पुस्तक कापडात गुंडाळलेलं निघेल कदाचित. आणि जाता जाता, त्या मापाला ब्रासो लावून चकाचक करू नकोस, आहे तसं राहू दे. हातांनी झिजलेलं आहे ते.

बाबा का नको म्हणतायत? तू लिहिलंयस त्यावरून मला वाटतं तुला त्यांचा रागच आलाय, की ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि आता आईच्या कामाची लाज वाटते. असेलही. पण आत्याचं वाक्य परत वाच, 'तुझा बाप पण बसायचा की शेजारी'. दहा-बारा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की विड्यांची तोंडं मुडपायला, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायला बसायचा, तंबाखूचा वास हाताला, वह्यांना, शर्टाला, आणि शाळेत तो वास काय कोणाला कळला नसेल? वर्गात मुलं काय बोलली असतील? त्यांना जे पुस्तकात नकोय ते फक्त आजीचं नाहीये, त्यातलं निम्मं त्यांचं स्वतःचं आहे, आणि त्यांनी ते बहुतेक तुझ्या आईलाही सांगितलेलं नसेल. म्हणून त्यांच्यावर चढून जाऊ नकोस की 'हे लपवणं म्हणजे आजीचा अपमान आहे' वगैरे. तसं बोललीस तर विषय कायमचा बंद.

आणि त्यांनी शेवटपर्यंत नाहीच म्हटलं तर? तर बाबांचं नाव न घेता आत्याच्या भागात आत्याच्या शब्दांत येऊ दे, ती तिची पण आई होती आणि तिला सांगायचंय, तिला कोण अडवणार. त्यातही बाबांचं बसणं, कट्टे बांधणं, ते सगळं वगळायचं, ते त्यांच्या मालकीचं आहे. पण माझा अंदाज आहे तिथपर्यंत वेळ येणार नाही.

बाबांना एकटं गाठ, काका नसताना, आई मंदिरात गेलेली असताना वगैरे. जेवणाच्या टेबलावर नको. चहा कर, समोर बस आणि तो पत्र्याचा तुकडा काही न बोलता त्यांच्या हातात दे. 'विड्यांचं घालायचं का' हे परत विचारू नकोस, त्याचं उत्तर तुला मिळालेलं आहे. विड्यांना निरनिराळ्या रंगांचे दोरे असायचे. आपल्याकडे कुठल्या रंगाचा यायचा, एवढंच विचार.